चिंगाबाईचं उटणं

एका जंगलात, ओढ्याच्या काठाला, चिंगाबाई नावाची चिचुंदरी राहत होती. नवरा गोमाजी आणि पाच पिल्लं. बाहेर निघाली की पिल्लं एकमेकांची शेपटी तोंडात धरून आईमागं रांगेनं चालायची. शिस्त मोठी, पण वास त्याहून मोठा. चिचुंदरीचाच तो, पोरांनो, लपणार कसा?

दर पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बिळात शिरायचं. गेल्या साली सहावं पिल्लू वाहून गेलं. म्हणून चिंगाबाई टेकडीवर साळोजी साळिंदराकडे गेली. टेकडीवरची सगळी बिळं त्याचीच.

"पाटील, पावसापुरतं एक बीळ द्या. पोरं बुडतील माझी."

साळोजीनं नाक दाबलं. "देतो की. आधी हा वास घालवून ये."

चिंगाबाई घरी आली ती कंबर कसूनच. बहावा, कुडा, रानजाई, धायटी, दिसेल ते फूल खुडलं. सावलीत वाळवलं, दगडावर वाटलं, वारुळाची माती मिसळली. झालं उटणं तयार!

तेवढ्यात शेजारची ठकू सशीण डोकावली. "अगं बाई! काय घमघमाट! मला दे चिमूटभर."

"पोरांपुरतंच केलंय गं, ठकू."

"पोरं काय, उद्या लावतील."

ठकूनं ते सगळं नेलं आणि रानभर सांगत सुटली, "घरगुती आहे! नैसर्गिक! रसायन नाही यात!"

"रसायन म्हंजे गं काय?" कोल्हिणीनं विचारलं.

"काय की. पण यात ते नाही."

मग काय विचारता! रानडुकरीण आली, तरस आलं, माकडं तर सगळं घरदार घेऊन आली. चिंगाबाई रोज फुलं खुडायची, रोज वाटायची, आणि पोरांसाठी बाजूला काढलेलं रोज कुणीतरी उचलून न्यायचं. शेवटची मूठ खुद्द साळोजीनं नेली.

"पाटील, बिळाचं तेवढं..."

"बघू गं. आधी आंघोळ करू दे." काट्याकाट्याला उटणं चोळून तो टेकडीवर जाऊन बसला.

आता रानात फूल म्हणून राहिलं नाही. कळ्यासुद्धा खुडून झाल्या. गोमाजी म्हणाला, "आभाळ भरून आलंय. साऱ्या रानाला न्हाऊ घातलंस, आपली पोरं तशीच राहिली की गं!" चिंगाबाई पिल्लांना जवळ ओढून ओढ्याकडे बघत बसली.

इकडे मधमाश्या आठ दिवसांच्या उपाशी. फुलं शोधत साऱ्या रानभर फिरल्या. रानात फुललेला उरला होता एकटा साळोजी! बसल्या की सगळ्या त्याच्यावर. मग ठकूवर, मग डुकरिणीवर. जो तो बोंबलत पळाला. ठकू शिरली ती थेट चिंगाबाईच्या बिळात. माश्या तोंडापर्यंत आल्या, वास घेतला, आणि आल्या वाटेनं परत!

ते साळोजीनं वरून पाहिलं. तोही धावत आला, पण एवढा अंगाचा काटेरी ढीग इवल्या बिळात मावतोय कसा? नाक तेवढं आत गेलं.

"चिंगाबाई! वर राहायला चल माझ्याकडे!"

"पण पाटील, वास..."

"तोच घेऊन ये, बाई! जपून आण, वाटेत सांडू नको!"

चिंगाबाई निघाली, मागं गोमाजी, त्यामागं शेपट्या धरून पाच पिल्लं. माश्या दोन्ही बाजूंना हटल्या. साळोजीनं सगळ्यात उंच, सगळ्यात कोरडं बीळ झाडून दिलं. त्या साली ओढा दोनदा फुगला. चिंगाबाईची पाचही पिल्लं वर कोरड्यात झोपली होती, आणि दाराशी सारं रान रांग लावून उभं होतं. "वहिनी, जरा अंगाला अंग घासू द्या ना!"

तात्पर्य : फुलं ओरबाडू नयेत, असं मी सांगेन वाटलं ना? ओरबाडली नसती तर त्या पोरांना घर कुणी दिलं असतं? म्हणून आपला वास घालवायच्या भानगडीत पडू नये. नाक दाबणाऱ्यांनाच आधी चांगलं न्हाऊ घालावं.