मोहीम न्हाणीच्या पट्टीची

श्रोत्यांनी बैठक घट्ट करावी. आष्टे मुक्कामी नूतन बंगल्याच्या न्हाणीस कडी कैसी लागली, हा वृत्तान्त काळाचे उदरी गडप होऊ नये, म्हणोन घडले तैसे लिहितो. पदरचे काही घातले नाही.

राजश्री आकारामबापू सुभेदार, फौजेतून पेन्शनीत आलेले, ऊसबागाईताचे धनी, यांनी बंगला बांधिला आणि समस्त दरवाजे हुकमात आले. एक न्हाणीचा दरवाजा तेवढा बंडखोर निघाला. कुलूप नवे, मूठ झळाळती, परंतु कुलपाची जीभ जिच्या भोकात शिरते, ती चौकटीची पितळी पट्टीच दसऱ्याच्या धामधुमीत गहाळ जाहली. मग वारा आला की दार आपखुशीने उघडे. सबब आत जाणाराने भरली बादली दारास रेटावी आणि मोठ्याने गात राहावे, ऐसा शिरस्ता पडला. एके दिवशी खासा सुभेदारांच्या डोळ्यांत साबण गेला आणि गाणे खंडित जाहले, आणि ते समयी बचत गटाच्या बायका सोप्यात हजर होत्या. पुढील हकिकत लिहिण्यास लेखणी धजत नाही.

अशात पाटणहून व्हॉट्सअपमार्गे खलिता आला की, कन्या दीपमाला यांचे होणारे सासरे नानासो सुपारी फोडण्यास येतात आणि मुक्काम करितात. मुक्काम म्हणजे अंघोळ आलीच. सौभाग्यवती बनुबाईसाहेबांनी फर्मान काढिले, "व्याह्याची अब्रू आपल्या न्हाणीत गेली तर लगीन मोडंल. पट्टी आणा, न्हाईतर तुमीच दार धरून हुबं ऱ्हावा!"

सुभेदार देवघरात गेले. नित्यपूजा त्यांचेच हाती. देवांच्या पितळी टाकांवर हळदकुंकवाचे थर ऐसे चढलेले की कोणता देव कोणता, हे देवांसच ठाऊक. हरएक टाकास माथा टेकून पट्टीचे साकडे घातले, आणि कुलूप उपसून, रुमालात बांधून सांगलीवर कूच केले.

सांगलीचे वसीमभाई हार्डवेअरवाले यांनी कुलूप न्याहाळून निवाडा दिला, "बापू, ह्ये मॉडेल बंद झालं. सुटी पट्टी घावायची न्हाई. नवा सेट घ्या की." सुभेदार कडाडले, "कुलूप धडधाकट हाय, गड्या! चालता शिपाई घरी बसवू व्हय?" मग वसीमभाईंनी मसलत दिली की, कारखाना शिरवळास आहे, "पर दार बघितल्याबिगर त्ये काय द्यायचं न्हाईत."

फौजी माणसास हुकूम म्हणजे हुकूम. सुभेदारांनी दरवाजा बिजागऱ्यांतून सोडविला, छोटा हत्ती नामक टेम्पोत आडवा निजविला, वर चादर घातली आणि शिरवळ गाठले. वाटेत टोलनाक्याच्या लोकांनी तो निजलेला ऐवज पाहून टोप्या काढिल्या आणि गाडी बिनशर्त सोडिली.

कारखान्याच्या स्टोअरकीपरने दारास प्रदक्षिणा घातली आणि विचारिले, "काका, पट्टी चौकटीला बसते. दार कशाला आणलं? चौकट आणा." चौकट भिंतीत आणि भिंत आष्ट्यात. सुभेदार शिकस्त खाऊन, दार घेऊन माघारी फिरले, तो अंगणात नानासो उतरत होते. न्हाणीस घाईने फौजी कांबळे टांगिले.

नानासोंनी पाय धुतले, देवास नमस्कार केला आणि तेथेच थबकले. "आवं बापू, ह्यो कंचा देव? मधी आरपार भोक हाय, आन् दोन्ही अंगाला इस्क्रूची जागा!"

सुभेदारांनी चष्मा चढवून पाहिले. मग उमगले की, खंडेनवमीस विळे, कोयते, ट्रॅक्टरची चावी आणि कुलपाचा सेट मांडून पुजिला होता, आणि पूजा उतरविताना खुद्द सुभेदारांनी चष्म्याविना टाकांसोबत पट्टीही देव्हाऱ्यात बसविली होती; आणि तेव्हापासून तिला रोज न्हाऊ घालून, पट्टी सापडू दे म्हणोन पट्टीसच विनवीत होते.

"देवानं आनी किती ऐकायचं वो? समोरच बसून हुता!" बनुबाईसाहेब वदल्या, आणि पुजलेली वस्तू न्हाणीस लावू देणार नाही, ऐसा नवाच हुकूम सोडिला. तेव्हा नानासो कांबळ्याकडे पाहून कळवळले, "वैनी, देव हाय तर राखण करंल की! उद्या अंघोळ माजी हाय!"

मग नारळ फुटला, उभय व्याह्यांनी दार चढविले, त्यात कुलूप बसविले, पट्टी चौकटीत इस्क्रूंनी आवळली, आणि कडी खट्ट करून लागली. दुसरे दिवशी नानासोंनी अवघी अंघोळ एकही गाणे न म्हणता, बादली जागेवर ठेवून पार पाडिली, आणि बाहेर येऊन ओल्या केसांनीच सुपारी फोडिली.

येणेप्रमाणे न्हाणी फत्ते जाहली. अद्यापि त्या घरी अंघोळीस जाणारा आधी चौकटीस हात जोडतो, मग कडी लावितो. पट्टीस दर शुक्रवारी हळदकुंकू चालू आहे.