मेश्रामभाऊंची न झाडलेली गोळी

मेश्रामभाऊ पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा पानातल्या पुरीवर हलकी टिचकी मारून म्हणाले, "वहिनी, मस्त फुलली. गोळीसुद्धा अशीच फुलली पाहिजे."

मला वाटलं, माणूस पथ्यावर असेल. मी विचारलं, "कसली गोळी घेता?"

"घेत नाही जी. बंदुकीची म्हणतो मी. समजा, पाचशे मीटरवर भलंमोठं सांबर उभं आहे."

माझ्या हातात श्रीखंडाचं भांडं होतं. ते तसंच धरून मी पुढची पंधरा मिनिटं सांबराची गोष्ट ऐकली. शिकारीची गोळी प्राण्याच्या अंगात शिरली की तिचं टोक अळंबीसारखं उमलतं आणि प्राणी जागीच संपतो. पण लांबून मारली तर पोचेपर्यंत तिचा वेग मेलेला असतो. मग ती उमलतच नाही, दाभणासारखी आरपार निघून जाते. प्राणी पळतो आणि कुठेतरी झुडपात दोन-दोन दिवस तडफडत पडतो.

"म्हणून वेग पाहिजे, वहिनी. फुलली नाही तर सगळं व्यर्थ," असं म्हणून त्यांनी आणखी दोन पुऱ्या घेतल्या.

हा माणूस मोठा शिकारी असणार, असं मी धरून चालले. तर माझे यजमान निखिल म्हणाले, "त्याने आयुष्यात छऱ्याची बंदूकसुद्धा धरलेली नाही. आणि तो शाकाहारी आहे."

शाकाहारीसुद्धा साधेसुधे नव्हेत. सुपरमार्केटमध्ये चीजच्या कपाटासमोर उभे राहून ते वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचत, कारण काही चीजमध्ये वासराच्या पोटातला काही पदार्थ असतो म्हणे. आमच्या फेल्डहोवनच्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या या गावच्या घरांत शरद ऋतूत हे एवढाले कोळी येतात. मेश्रामभाऊ त्यांना ग्लासात धरून बागेत सोडत आणि बाहेर गारठा असेल तर सायकलीच्या शेडमध्ये.

मूळ गाव ब्रह्मपुरी. नागपूरला इंजिनिअरिंग, मग डेल्फ्टला पुढचं शिक्षण, मग इथे नोकरी. लग्न राहूनच गेलं. ऑफिसात ते कसल्याशा लेन्सच्या उष्णतेची गणितं करत आणि घरी गोळ्यांची. जगभरचे शिकारी जिथे एकमेकांना सल्ले देतात अशा एका संकेतस्थळावर ते दिवसरात्र पडलेले असत. तिथे त्यांना फार मान होता. कुणी विचारायचं, इतक्या लांबवरच्या एल्कला अमुक गोळी चालेल का? एल्क म्हणजे घोड्याएवढं अमेरिकन हरीण. मेश्रामभाऊ वारा, थंडी, उंची, सगळं हिशेबात धरून पानभर उत्तर लिहीत आणि शेवटी एकच सल्ला देत, आणखी जवळ जा.

"तुम्ही स्वतः किती एल्क मारले, असं कुणी विचारत नाही?"

"विचारतात ना. मी सांगतो, एकही नाही, मी व्हेजिटेरियन आहे. ते हसतात. त्यांना वाटते, म्हातारा मोठा मिश्कील आहे."

मग कोरोना आला. सगळ्यांची ऑफिसं जेवणाच्या टेबलावर आली. आमचं आणि मेश्रामभाऊंचं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे पलीकडची खुडबूड ऐकू यायची. एक दिवस थाड असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा थाड. मी कुंपणावरून हाक मारली.

"प्रयोग करून राहिलो, वहिनी."

खरे तज्ज्ञ गोळ्यांची चाचणी जिलेटिनच्या ठोकळ्यावर घेतात. जिलेटिन हाडांपासून करतात म्हणून ते यांना चालेना. यांनी समुद्री शेवाळापासून होणाऱ्या चायना ग्रासचा ठोकळा केला होता, उशीएवढा, आणि तो जिन्याच्या तळाशी ठेवला होता. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेल्या शिड्याच. वरच्या पायरीवरून ते एकदा लोकरीची सुई टाकत आणि एकदा तेवढ्याच वजनाची अळंबी, जी त्यांनी लाकूड तासून केली होती. सुई सरळ खाली जाई. अळंबीने ठोकळ्याची पार दैना होई. दर वेळी ते खाली येऊन भोक मोजत आणि "अरेरे" म्हणत.

इथे खिडक्यांना पडदे लावायची पद्धत नाही. समोरच्या एल्सबाईंनी दोन दिवस हे सगळं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पोलीस आले. एक वयस्क पोलीस आणि एक तरुण पोलीसबाई, दोघंही मास्क लावून दारापासून दीड मीटरवर उभे. मेश्रामभाऊंना डच बोलायची हौस दांडगी. डचमध्ये हेर्ट म्हणजे हरीण आणि हार्ट म्हणजे हृदय. त्यांनी अदबीने सांगितलं की लांबून मारलेली गोळी हार्टमध्ये कशी शिरते याचा मी अभ्यास करतो.

"कुणाच्या?" पोलीसबाईंनी विचारलं.

"कुणाच्याही. मोठं असलं म्हणजे बरं."

वयस्क पोलिसाचा हात कमरेकडे गेला. मी कुंपणाच्या अलीकडून ओरडून हरीण, हरीण म्हणून सांगितलं, तेव्हा तो हात खाली आला. त्यांनी घर पाहिलं. बंदूक नव्हती. फ्रिजमध्ये दोन ठोकळे होते. हे खातात का, असं पोलीसबाईंनी विचारलं. मेश्रामभाऊंनी लगेच बशी काढली, पण त्या दिवसांत कुणी कुणाच्या हातचं खात नसे. त्याचं त्यांना पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही तिघं सायकलींवर गावाबाहेरच्या रानात निघालो होतो. तेवढीच करमणूक उरली होती. रस्त्याच्या वळणावर एक गाडी आडवी थांबलेली दिसली. शेजारी एक मुलगी रडत उभी होती आणि गवतात हरीण पडलं होतं. इथलं लहान हरीण, शेळीएवढं. गाडीने त्याची कंबर मोडली होती. ते पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होतं आणि पुन्हा पडत होतं.

निखिलने पोलिसांना फोन लावला. त्या भागाचा नेमलेला शिकारी येईल, असं त्यांनी सांगितलं. मेश्रामभाऊंनी सायकल टाकली, गळ्यातला मफलर काढला आणि वाकून हळूच हरणाच्या डोळ्यांवर घातला. हरीण शांत झालं. मग ते आम्हा सगळ्यांना लांब घेऊन गेले. "माणसाचा वास आला की त्याला आणखी भीती वाटते," म्हणाले. त्या मुलीलाही त्यांनीच समजावून गाडीत बसवलं.

शिकारी आला. उंच, लाल गालांचा शेतकरी. त्याने रायफल काढली. मला वाटलं, आता मेश्रामभाऊ विचारणार, गोळी कोणती, वेग किती. आयुष्यात पहिल्यांदा खरी रायफल त्यांच्यासमोर होती. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला कळेल का?"

"नाही," शिकारी म्हणाला. "इतक्या जवळून नाही."

मेश्रामभाऊ पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी लहान मुलासारखी दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज झाला, तसे त्यांचे खांदे उडाले. शिकाऱ्याने मफलर परत दिला तेव्हा त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. दार उघडंच होतं. ते टेबलाशी लॅपटॉपसमोर बसले होते आणि पडद्यावर लोकरीच्या टोपीतला एक म्हातारा अमेरिकन होता.

"या वहिनी. हा डेल. मोंटानातला."

डेलने टोपीला हात लावला. त्या दोघांचं रोज बोलणं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वी डेलने फार लांबून एका एल्कवर गोळी झाडली होती. एल्क पळाला. डेलने दोन दिवस डोंगर पालथा घातला, पण तो सापडला नाही. माझं काय चुकलं, असं त्याने त्या संकेतस्थळावर विचारलं, तेव्हा बाकीच्यांनी बंदुकीचे ब्रँड सांगितले. मेश्रामभाऊंनी विचारलं, तुम्हाला झोप लागते का. तिथून दोघांची ओळख झाली. डेलने पुढे बंदूक उचललीच नाही. त्याची बायको वृद्धाश्रमात होती आणि साथीमुळे त्याला आत सोडत नव्हते. तो खिडकीच्या काचेतून तिला भेटून यायचा. मेश्रामभाऊंची आई ब्रह्मपुरीला होती. तिकडे साथीने थैमान घातलं होतं, विमानं बंद होती, आणि म्हातारीला फोनवर नीट ऐकू येत नसे.

मेश्रामभाऊ त्याला कालची हकिकत सांगत होते. सांगता सांगता मध्येच थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा सांगू लागले. डेल सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तू त्याचे डोळे झाकलेस. ते बरं केलंस."

त्याच्याकडे पहाट होत होती. त्याने कॅमेरा उचलून खिडकीत टेकवला. बाहेर उरलंसुरलं बर्फ होतं आणि त्यात पाच-सहा हरणं तोंड खुपसून गवत हुडकत होती. "मी कॉफी करून येतो," पलीकडून त्याचा आवाज आला, "तुम्ही बघत बसा."

मेश्रामभाऊंनी माझ्यासाठी एक खुर्ची ओढली, नियमाप्रमाणे जरा अंतर राखून. खिचडी गार होत होती. डेल बराच वेळ परत आला नाही, आणि आम्हीही त्याला हाक मारली नाही.