रखमाजी कोठीवाले यांनी ग्रामांचे किलो केले त्याची हकीकत

श्री. तागडीचा काटा मध्यावर राखणाऱ्या देवास दंडवत घालून हकीकत लिहितो ऐसी जे, शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, अमुक एका राज्यात राजकन्येचे लग्न निघाले आणि त्याच सुमारास महाराजांनी शेर, छटाक, पायली यांस निरोपाचे विडे देऊन मेट्रिक मापे बोलावून आणिली. मग हुकूम जाहला की मुदपाकखान्याने मागणी ग्रामांत करावी आणि कोठीने ती किलोंत फिरवून व्यापाऱ्यांस धाडावी. चुकेल त्याचे हातून कोठी जाईल. कोठीवर रखमाजी होते. वडिलोपार्जित काम, कमरेस किल्ल्यांचा जुडगा, आणि जुडगा गेला तर आपणांस कोण विचारतो, हा घोर त्यांचे मनास लागला. फडणीस नारोपंत त्या जुडग्यावर डोळा ठेवून होतेच.

आता त्या राज्याची चाल ऐसी की धाकट्याचे पदरी थोराहून जास्त काही असू नये. पंगतीत सरदारांनी तीन लाडू घेतले तर शिलेदाराने भूक असली तरी दोहोंवर हात आखडावा. ऐशात मागणी आली, आमटीस हिंग पाचशे ग्राम. रखमाजी विचारात पडले, की ग्राम धाकटा, त्याचे पदरी पाचशे. मग थोर किलोस त्याहून कमी देऊन त्याचा अपमान कैसा करावा? हजाराचा फरक हे तर तोंडपाठ होते. मग त्यांनी मोठ्या अदबीने पाचशांस हजाराने गुणिले आणि पाच लक्ष किलो हिंग मागविला.

आणि हिंग आला. कोठी भरली, मग हत्तीखाना भरला, आणि हत्ती बाजारात उभे केले, आणि वास ऐसा सुटला की वऱ्हाड चार मुक्काम मागे होते ते, आमटीस फोडणी पडली ऐसे समजून, धावत येऊन ठेपले. आणि मांडवास अजून खांबही नव्हते. महाराजांनी नाकास शेला लाविला आणि फर्माविले, उदईक दरबारी खुलासा करावा, नाही तर किल्ल्या फडणिसांस द्याव्या.

रखमाजी घरी येऊन पाटावर बसले, परंतु भात नुसताच चिवडीत राहिले. कुटुंब सगुणाबाई यांस म्हणाले, "मोठ्या मापाला मोठा आकडा दिला, यात माझं काय चुकलं?"

"अहो, नारोपंत आपल्या झोपाळ्यावर बसले की एकट्यानंच कड्या करकरतात," बाई म्हणाल्या. "तेवढाच भार पोरांचा घालायचा तर किती पोरं बसवाल?"

"पाच तरी लागतील."

"मग थोर एकच पुरतो आणि धाकटे पुष्कळ लागतात. मापांचंही तसंच असणार. त्यात कसला आलाय मानपान? भात निवतोय, जेवा आता."

दुसरे दिवशी रखमाजींनी भर दरबारी तागडी मांडिली, आणि नारोपंतांस बहुत आर्जवाने एका पारड्यात बसविले, आणि दुसऱ्यात मानकऱ्यांची पोरे चढविली. सहावे चढले तेव्हा फडणीस वर उचलले गेले आणि त्यांची पगडी घरंगळली. महाराज पोट धरून हसले आणि पुसते जाहले, "मग पाचशे ग्राम म्हणजे किलो किती?"

"अर्धा, सरकार."

महाराजांनी किल्ल्या बहाल ठेविल्या. रखमाजींस आनंद ऐसा जाहला की डोळ्यांस पाणी आले. तो नारोपंत पारड्यातूनच बोलले, "सरकार, उलटेही पुसावे. हत्तीखान्यातले पाच लक्ष किलो, त्यांचे ग्राम किती?"

रखमाजी क्षणभरही न अडखळता म्हणाले, "पन्नास कोटी."

"शाबास," महाराज म्हणाले. "मग रयतेस वाटून टाका. ग्रामाची एक पुडी, आणि पुड्या तुम्ही स्वहस्ते बांधायच्या."

येणेप्रमाणे त्या राज्यात मेट्रिक मापे रुजली, लग्न यथासांग जाहले, आणि कोठी रखमाजींचे हातीच राहिली. राजकन्येस नातू जाहला तरी पुड्या बांधणे चालू आहे. बहुत काय लिहावे.