आईसाठी पायरी

वस्तू निवडावी तर मी. हे मी म्हणत नाही, आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात. कोणाला पंखा घ्यायचा असो की चपला, आधी माझ्या टेबलापाशी येतात. मी साधा दात घासायचा ब्रशसुद्धा चार दुकानं पालथी घातल्याशिवाय घेत नाही. बायको याला चिकटपणा म्हणते. मी अभ्यास म्हणतो.

त्यामुळे ट्रेलरच्या पलंगासाठी पायरी निवडायची वेळ आली, तेव्हा मला खरंच आनंद झाला. इतका सोपा पेपर मला बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

ट्रेलर आम्ही जुनाच घेतला होता, बायकोच्या एका चुलतभावाकडून. बंद असला की चाकांवर ठेवलेली मोठी ट्रंक वाटते. गाडीच्या मागे जोडायचा, हवं तिथं न्यायचा आणि उघडायचा. छप्पर वर उचललं जातं, कापडाच्या भिंती ताणल्या जातात आणि मागच्या बाजूनं एक पलंग ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. आत ओटा, बेसिन, मधे मोकळी जमीन. संसार म्हणून काही कमी नाही. फक्त तो पलंग माझ्या छातीएवढा उंच. म्हणजे आमच्या आईच्या हनुवटीएवढा.

आणि हा सगळा घाट आईसाठीच होता. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, एका तळ्याकाठच्या घरात आयुष्यभर राहिली. आता ते घर सोडून ती लांब मुलाकडे कायमची निघाली होती. रविवारनंतर घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार. सामान बांधायला मुलगा, सून, नातवंडं सगळी येऊन राहिलेली, घरात पाय ठेवायला जागा नाही. "मी शेवटचे दिवस माझ्याच घरात काढणार," असं मावशीनं सगळ्यांना बजावलं होतं. आणि आईचं एकच म्हणणं होतं, की ती जायच्या आधी एक रात्र दोघींनी बरोबर काढायची, लग्नाआधी काढायच्या तशी. पुन्हा कधी भेट होईल, होईल की नाही, हे कोणी बोलत नव्हतं. मी छातीवर हात मारून म्हणालो, "ट्रेलर मावशीच्या अंगणात नेऊन उभा करतो. बसा दोघी बोलत."

त्या दिवशी आईनं मला आवडतो म्हणून आल्याचा चहा दोनदा केला. म्हणजे बघा.

ट्रेलर आधी आमच्याच अंगणात उघडून ठेवला आणि टेप घेऊन मी आत शिरलो. बायको दारात उभी होती.

"एक स्टूल ठेवा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली.

"स्टूल! आई पडली म्हणजे?"

"मग आईंना विचारा, त्यांना काय हवंय ते."

"विचारायचं काय त्यात? उंची आहे, वजन आहे, माप आहे. हे विचारून ठरत नसतं."

तेवढ्यात आई बाहेरून डोकावली. "अरे, मी काय म्हणते, ती गादी जर—"

"आई, मोजताना बोलू नकोस. आकडा चुकतो."

आईनं डोकं बाहेर घेतलं. तिला माझ्या मोजण्याचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या खोलीत, तिनं नेहमीप्रमाणे गुंडाळून भिंतीला लावलेल्या गादीवर टेकून, मी मोबाइलवर शिड्या पाहायला बसलो. जगात इतक्या प्रकारच्या शिड्या आहेत याची तुम्हाला कल्पना नसेल. मलाही नव्हती. शेवटी एक हुकांची शिडी पसंत केली. हलकी, चकचकीत, पलंगाच्या कडेला अडकवायची की झालं.

चाचणीसाठी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ देहानं भरदार आहे. जी शिडी त्याला पेलेल ती आमच्या आईला झोपेतही पेलेल, असा माझा हिशेब.

"भावजी, हिच्या पायऱ्या गोल आहेत," अनवाणी पायानं पहिली पायरी चढताच तो कळवळला. "तळपायात घुसतायत."

"सवय होते. चढ."

तो चढला. पलंगावर बसला, आडवा झाला, जांभईसुद्धा दिली. मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

"वर गेला, ठीक आहे," ती म्हणाली. "आता उतरवा."

उतरताना माणसाला पायरी दिसत नाही, ही गोष्ट शिडी बनवणाऱ्यांनी कुठंही छापलेली नव्हती. मेहुणा पालथा झाला, एक पाय खाली सोडून हवेत चाचपडू लागला, आणि "सापडली, सापडली" म्हणत त्यानं पूर्ण भार टाकला तो बेसिनमध्ये. बेसिन वाचलं. नळ वाचला नाही.

मग आईला चढवून पाहिलं. ती पहिल्या पायरीवर उभी राहिली, दोन्ही हातांनी पलंग धरला आणि तिथंच थांबली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान आहे. आता मला खाली घे. आणि मी काय म्हणते—"

"कळलं, कळलं. गोल पायऱ्या नकोत. सपाट हव्यात."

तर दुसरा प्रयोग सपाट. घडीचं, दोन पायऱ्यांचं, रबरी तळव्यांचं स्टूल. बायकोला दिसू नये म्हणून मी त्याला स्टूल न म्हणता 'पायरी संच' म्हणत होतो.

या संचाला जमिनीवर काही दोष नव्हता. दोष ट्रेलरला होता. तो स्प्रिंगांवर उभा असतो, आणि आत भरदार माणूस चालला की होडीसारखा डुलतो. मेहुण्यानं वरच्या पायरीवरून पलंगाकडे झेप घेतली, ट्रेलर एका अंगाला कलला, स्टूल दुसऱ्या अंगाला गेलं आणि मेहुणा पोटावर लोंबकळू लागला. डोकं पलंगावर, पाय दाराबाहेर. पाय मारायला लागला तसा ट्रेलर आणखी डुलायला लागला.

आता आमचे शेजारी. या काकांनी सगळी नोकरी पोहण्याच्या तलावावर, बुडणाऱ्यांना बाहेर काढण्यात घालवली आहे. निवृत्त होऊनही त्यांची नजर तीच. त्यांना कुंपणापलीकडून फक्त झाडले जाणारे दोन पाय दिसले. काका उडी मारूनच आले.

मी आतून मेहुण्याला वर ढकलतोय, आणि काही केल्या तो वर जात नाही. मला वाटलं, पठ्ठ्याचं वजन वाढलंय. मी आणखी जोर लावला.

"सोडू नका, आलो मी," बाहेरून काका ओरडले.

"कोण आलं?" मी.

"धीर धर पोरा, श्वास घे," काका मेहुण्याला सांगत होते आणि त्याचे पाय घट्ट धरून मागं खेचत होते.

"मला वर जायचंय हो," मेहुणा रडकुंडीला आला.

"वर जायचं बोलू नकोस. अजून लहान आहेस तू."

शेवटी काकाच जिंकले. अनुभव शेवटी अनुभव असतो. मेहुणा पँटच्या उसवलेल्या शिवणीसकट अंगणात आला. काकांनी त्याला कुशीवर वळवलं, पाठीवर थापट्या मारल्या आणि त्याच्या तोंडातून पाणी कसं येत नाही याचा विचार करत बसले. बायको घराच्या पायरीवर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. मेहुण्यानं त्या दिवशी पुन्हा चाचणीला न यायची शपथ घेतली.

आई मात्र हसली नाही. "अरे बाबा, एवढं कशाला करतोयस? मी काय म्हणते ते ऐक की जरा," ती म्हणाली.

मला तिची दया आली. बिचारीला वाटत होतं की मी दमलोय. "आई, तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "आता सुतारच बोलावतो."

आमचा सुतार माझ्यासारखाच आहे. सांगितलेल्या कामात त्याला रस नसतो, त्याच्यापुढच्या कामात असतो. मी पायरी म्हणालो, तो जिना म्हणाला. मी हाताला आधार म्हणालो, तो कठडा म्हणाला. मी टिकाऊ म्हणालो, तो म्हणाला, "साहेब, तुम्ही-आम्ही नसू, ही असेल."

माप चुकायला नको म्हणून फळ्या आत नेऊन त्यानं ट्रेलरमध्येच काम सुरू केलं. मी शेजारी टेप धरून उभा. दोघांचे सूर असे जुळले होते की बायको जेवायला बोलवायची तेही ऐकू यायचं नाही. शनिवारी संध्याकाळी पायरी उभी राहिली. रुंद, सपाट, न डुलणारी. खाली पेटी, तिला ड्रॉवर, वरपर्यंत गोल घासलेला कठडा. डिंक आणि खिळे दोन्ही. हत्ती चढला असता.

सगळ्यांना बोलावलं. काकासुद्धा आले, सवयीनं बाह्या सरसावून. आई कठडा धरून दुसऱ्या पायरीपर्यंत गेली, तिनं लाकडावरून हात फिरवला.

"फार सुंदर झालीय रे," ती म्हणाली. "पण मी काय म्हणते, गादी—"

पुढचं टाळ्यांमध्ये ऐकू आलं नाही. टाळ्या सुतारानं सुरू केल्या होत्या.

रविवारी सकाळी आई सगळ्यांच्या आधी तयार. चांगली साडी, हातात पिशवी, पिशवीत मावशीसाठी विणलेला स्वेटर. फाटकापाशी जाऊन उभीसुद्धा राहिली. मी गाडी मागे घेतली आणि ट्रेलर बंद करायला लागलो.

बंद करताना आधी पलंग आत सरकतो. मग त्यावर छप्पर खाली येतं. मी पलंग ढकलला. तो अर्ध्यात आला आणि ठक् असा आवाज झाला.

पलंग जिथं येऊन बसायचा, तिथं आमचा कठडा उभा होता.

"पायरी बाहेर काढा, मग बंद करा," बायको म्हणाली.

मी आणि मेहुण्यानं पायरी उचलली. मेहुण्याला शपथ मोडून यावं लागलं होतं. ती दारापर्यंत आली आणि थांबली. आडवी केली. उभी केली. तिरकी केली. काकांनी बाहेरून खेचून पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हरले. मी पलंग मोजला होता, जमीन मोजली होती, आईचं पाऊलसुद्धा मोजलं होतं. दार मोजलं नव्हतं.

सुताराला फोन केला. तो आला, त्यानं पायरीला हात लावून पाहिला, आणि त्याचा चेहरा खुलला. "बघा, हलतसुद्धा नाही," तो म्हणाला.

"ती तोडायची आहे."

"आज नाही जमणार. एवढ्याशा जागेत करवत चालवली तर पायरी राहील आणि ट्रेलर जाईल. नीट करायचं तर दोन दिवस द्या."

दोन दिवसांनी मावशी इथं नसणार होती. मी आईकडे पाहिलं. ती फाटकापासून परत आली, तिनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. मला आयुष्यात इतकं वाईट फार कमी वेळा वाटलंय. ऑफिसात लोकांना पंखे निवडून देणारा हा शहाणा, आणि आईला एक रात्र देता आली नाही त्याला.

मावशीला फोन मीच लावला. पायरी, कठडा, दार, सगळं सांगितलं. 

"तुझ्या आईला दे," मावशी म्हणाली.

दोघी काय बोलल्या कळलं नाही, पण मधेच आई तोंडाला पदर लावून हसली. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "जा, गाडीनं घेऊन ये तिला. माझा ट्रेलर जात नाही तर ती येतेय म्हणाली. उद्या सकाळी परत सोड."

मी पुढचं वाक्य ऐकायला थांबलोच नाही.

मावशी संध्याकाळी आली. तिनं पायरीला चारी बाजूंनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बायकोला विचारलं, "तुझं कसं होतं गं याच्याबरोबर?" मग दोघी ट्रेलरमध्ये शिरल्या आणि मला बाहेर घालवून त्यांनी दार लावून घेतलं. आतून हसण्याचा आवाज येत राहिला. मी निर्धास्त झोपलो. कठडा होता ना.

सकाळी चहाचा ट्रे घेऊन गेलो. दार ढकललं. पलंग रिकामा.

 दोघी पडल्या की काय? मग खालून आवाज आला, "पाय बघून टाक रे."

पलंगावरची गादी खाली ओढलेली होती, पायरीपासून दारापर्यंत ऐसपैस. तिच्यावर दोघी बहिणी एका पांघरुणात बसल्या होत्या. मावशीच्या अंगात नवा स्वेटर. दोघींचे डोळे जागरणानं लाल, आणि चेहरे लहान मुलींसारखे.

"आई, खाली का? पलंग... कठडा..."

"अरे, मी घरी कुठं झोपते?"

मी तोंड उघडलं. ती गुंडाळलेली, भिंतीला लावलेली गादी डोळ्यांसमोर आली, जिच्यावर टेकून मी शिड्या निवडल्या होत्या.

"खाली," मी म्हणालो.

"तेच तर म्हणत होते पहिल्या दिवसापासून. गादी खाली घाल, झालं. पण तू मोजत होतास."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे हा."

मागून बायकोची उचकी पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

"असू दे गं. पायरी उपयोगाची आहे," आई माझी बाजू घेत म्हणाली. "चहा तिथंच ठेव. खालच्या पायरीवर नको, तिथं हिच्या दातांची वाटी आहे. वरच्या पायरीवर ठेव."

ठेवला. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, ट्रे तिथं अगदी मापात बसला.