काहिलीतलं नेतृत्व

दिवस कासराभर वर आला तरी दूधगाडी आली नाही, तेव्हा बोरवाडी दूध सोसायटीचे चेअरमन काकासाहेब यांना मनातून थोडा आनंदच झाला. नगरच्या शिबिरातून ते नुकतेच परतले होते. शिबिराचा विषय होता 'अनिश्चित परिस्थितीत संस्थेचे नेतृत्व', आणि परतल्यापासून गावात अनिश्चित असं काही घडायलाच तयार नव्हतं.

शिबिरात शिकवणाऱ्या राधाकृष्ण साहेबांचं एक वाक्य त्यांनी पाठ केलं होतं : 'जो वाट बघत बसतो, तो पुढारी नव्हे.' तेव्हापासून ते कशाचीच वाट बघत नसत. चहासुद्धा उकळी यायच्या आत पीत. उठल्यापासून निजेपर्यंत भेटेल त्याला सूचना देत सुटत. दिलेली सूचना लक्षात ठेवणं हे मात्र ज्याला दिली त्याचं काम, असं त्यांचं मत होतं.

सोसायटी नवीन होती. राहात्याहून रोज सकाळी गाडी येई आणि दूध तिथल्या शीतकेंद्रावर नेई. या गाडीसाठी गावानं वर्षभर खेटे घातले होते, आणि मिळाली तीही एका अटीवर. गाडी एक दिवस जरी बोरवाडीतून रिकामी परतली, तर दुसऱ्या दिवसापासून बंद. मग बायकांनी पूर्वीसारख्या डोक्यावर चरव्या घेऊन राहात्यापर्यंत पायपीट करायची. गाडी आल्यापासून बायकांची मान जरा कुठं सरळ झाली होती.

"गाडी आली न्हाई, याचा अर्थ ती येनार न्हाई," काकासाहेबांनी जाहीर केलं.

"उशीर झाला आसंल," बन्सी म्हणाला. सोसायटीच्या शेजारीच त्याचं गुऱ्हाळ होतं आणि काम नसलं की तो इकडे येऊन बसे.

"उशीर का झाला आसंल? पूल खचला आसंल. टायर फुटला आसंल. पाटबंधाऱ्यानं रस्ता खोदला आसंल. पुढाऱ्यानं वाईट तेच धरून चालायचं आसतं."

शेवटच्या कॅनच्या झाकणावर आक्काबाई ऊन खात बसली होती. ती काकासाहेबांची चुलती. त्यांना ती चेअरमन म्हणत नसे आणि अहो-जाहोही करत नसे.

"काकासाहेब, जरा दम धर. पौषातलं दूध हाय. दुपारपतुर त्याला काय धाड भरत न्हाई."

"आक्का, तू शिबिराला आलीवतीस का?"

"न्हाई बा."

"मंग गप ऱ्हा." काकासाहेबांनी घसा खाकरला. "दुधाचा खवा करायचा. खवा आठ दिस टिकतो. गाडी येवो न्हाई तर न येवो, आपलं काय आडत न्हाई. बन्सी, तुझी काहील मोकळी हाय का?"

बन्सीची काहील म्हणजे गूळ रटरटवायची भली मोठी कढई. पहाटेच तिच्यातला गूळ उतरवला होता आणि चुलाण अजून धगधगत होतं. बन्सीला एकदम आपणही संस्थेत कोणीतरी आहोत असं वाटलं.

"मोकळी हाय की! पहाटंच उतारली."

"धुतली हाय ना?"

"काहील कुनी धुतं का चेअरमन, हंगामात? पुढचा रस पडला की आपसूक निघतं सगळं."

ही गुऱ्हाळाची रीत होती आणि ती बरोबरच होती. फक्त आज पुढं रस पडणार नव्हता, दूध पडणार होतं. रतनबाई नावाची एक बाई भीतभीत म्हणाली, "अवो, गुळाच्या च्यात दूध फाटतं."

"ती चहाची गोष्ट झाली," काकासाहेब म्हणाले. "येवढ्या मोठ्या जाळावर काय फाटत न्हाई. उचला!"

माणसं उठली. जो जोरात बोलतो त्याचं ऐकावं, हे गावाला शिबिराशिवाय ठाऊक होतं. एकामागून एक कॅन काहिलीत रिते झाले. शेवटी माणसं आक्काबाईपाशी आली.

"आक्का, ऊठ."

"मी न्हाई उठायची."

"आगं, संस्थेचा निर्नय हाय!"

"आसंल. माजं गुडघं त्या संस्थेत न्हाईत. उन्हं पाठीला आल्यावर उठंन."

चुलतीला हात धरून उठवणं चेअरमनला शोभलं नसतं. तेवढा एक कॅन राहिला.

काहिलीला उकळी आली. काकासाहेब लांब फावडं घेऊन स्वतः ढवळायला उभे राहिले. कडेचा गूळ सुटू लागला, दूध तांबूस झालं, आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एका बाजूला पाणी आणि एका बाजूला गोळे झाले. बायकांची तोंडं बघवत नव्हती.

आणि नेमका त्याच वेळी वेशीतून हॉर्न ऐकू आला.

गाडी धडधाकट होती. चारही टायर फुगलेले होते. ड्रायव्हर सहादेव खाली उतरला, आणि त्याच्या शेजारून, धूळ झटकत, राधाकृष्ण साहेब.

"कुठं मेला हुतास?" काकासाहेब ओरडले.

"स्टँडवर!" सहादेव म्हणाला. "तुमीच सांगितलंवतं ना परवा, मंगळवारी साहेब येनार, त्यान्ला घेतल्याबिगर गाडी हालवू नको म्हनून? पयली यष्टी आलीच न्हाई. दुसरीची वाट बघितली."

"मी सांगितलंवतं?"

"व्हय. वर म्हनला, इसरशील तर याद राख."

सगळा गाव काकासाहेबांकडे बघू लागला. काकासाहेब काहिलीकडे बघू लागले. साहेबांचं लक्ष मात्र वासाकडे होतं. त्यांनी एक गोळा उचलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"अप्रतिम! हे काय आहे?"

"ते... गाडीचा भरवसा नव्हता, म्हनून..." काकासाहेब चाचरले.

"म्हणून तुम्ही वाट न बघता पर्यायी पदार्थ काढलात! याला म्हणतात नेतृत्व. पुढच्या शिबिरात व्याख्यान तुमचं!"

सहादेव रिकाम्या कॅनकडे बघत डोकं खाजवत होता. "पन मी न्यायचं काय? रिकामी गाडी नेली तर उद्यापासनं बंद."

तेव्हा आक्काबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "आली बाई उन्हं पाठीला," ती म्हणाली. "ने ह्यो."

त्या एका कॅनवर बोरवाडीची गाडी वाचली. फाटलेलं गोड दूध पोरांनी संध्याकाळपर्यंत संपवलं. ज्यांचं दूध गेलं त्यांच्या घरी पुढं बरेच दिवस काकासाहेबांच्या म्हशींचं दूध पोचत राहिलं आणि काकासाहेब स्वतः कोरा चहा पीत राहिले. तो मात्र नीट उकळत असे.

महिन्याभरानं ते व्याख्यानाला निघाले. आधी माझ्यासोबत स्टँडवर थांब, मला यष्टीत जागा मिळेपर्यंत हालू नको आणि मग दुधाला जा, अशी सूचना त्यांनी सहादेवला दिली. त्यामुळे त्या दिवशीही दिवस कासराभर वर आला आणि बोरवाडीत गाडीचा पत्ता नव्हता. कॅन ओळीनं भरून ठेवले होते.

"आता गं आक्का?" बन्सीनं घाबरून विचारलं.

आक्काबाईनं आधी चहूकडे नजर टाकली. "काकासाहेब गेला ना नगरला?"

"गेलं की पहाटंच."

"मंग काय भ्याव न्हाई," असं म्हणून तिनं पाठ उन्हाकडे केली आणि ती कॅनवर बसून राहिली. थोड्या वेळानं गाडी आली आणि सगळं दूध गेलं.