पान एकशे बारा

त्रिखंडे यांना मरून साठ वर्षं झाली होती. आपण अभिजात आहोत याबद्दल एवढ्या काळात त्यांच्या मनात एकदाही शंका आली नव्हती. मेलेले लेखक जिथे जातात तिथे, वर, त्यांचं खरं नाव आता कोणी घेत नसे. तीन खंडांची, नऊशे चाळीस पानांची एकच कादंबरी लिहून ते वर आले होते, म्हणून सगळे त्यांना त्रिखंडे म्हणत. त्यांना ते मानाचं वाटे.

त्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांना खुर्ची मिळायची होती. वरच्या अभिजात दालनात खुर्च्या मोजक्याच होत्या. खाली एखाद्याचा शेवटचा वाचक संपला की त्याची खुर्ची रिकामी होई आणि यादीतल्या पहिल्याला मिळे. त्रिखंडे एकोणीस वर्षं यादीत पहिले होते. अट एकच होती. चारच्या ठोक्याला नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. उत्तर आलं नाही तर खुर्ची दुसऱ्याला. आणि दुसरे होते रहस्यकथावाले, ज्यांनी एकशे चाळीस पुस्तकं लिहिली होती आणि त्रिखंडेंच्या मते एकही लिहायला नको होतं.

“आणि ऐन वेळी खालून बोलावणं आलं तर?” रहस्यकथावाल्यांनी गोड आवाजात विचारलं.

बोलावण्याचा नियम सगळ्यांना सारखाच होता. खाली कोणी तुमचं पुस्तक उघडलं की तुम्ही जाऊन वाचकाच्या पाठीशी उभं राहायचं. पुस्तक मिटलं की सुटका. तोवर जागचं हलता येत नाही, काही बोलता येत नाही. फक्त एक पान उलटेल एवढी फुंकर मारायची मुभा होती.

“येऊ दे की,” त्रिखंडे म्हणाले. “माझा वाचक जाणता असतो. एक प्रकरण वाचतो, पुस्तक मिटतो आणि विचार करत बसतो. अर्ध्या तासात परत येईन.”

खरं तर त्यांचं शेवटचं बोलावणं चार वर्षांपूर्वीचं होतं. एका विद्यार्थ्याला निबंधासाठी एक वाक्य हवं होतं. ते त्याला प्रस्तावनेतच मिळालं आणि त्रिखंडे मिनिटभरात परत आले होते.

अडीच वाजता बोलावणं आलं. रहस्यकथावाले फक्त हसले.

खाली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली होती. खिडकीशी पलंग, उशाशी टेबल, टेबलावर चष्म्याचं घर आणि औषधाची बाटली. शेजारी आणखी एक पलंग होता, त्यावर घडी घातलेलं पांघरूण आणि वर उशी, नीट ठेवलेली. पहिल्या पलंगावर एक निवृत्त नर्सबाई टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात वाचनालयातून आणलेला पहिला खंड होता. पान एकशे बारा.

त्रिखंडेंची छाती फुगली. एकशे बारावर नदीच्या वळणाचं वर्णन सुरू होत होतं. साडेतीन पानांचं एकच वाक्य! ते लिहायला त्यांना अकरा महिने लागले होते. ते हाताची घडी घालून बाईंच्या चेहऱ्यावरचे भाव बघत उभे राहिले.

सहाव्या ओळीला बाईंनी डोळे मिटले. वळण डोळ्यांसमोर आणताहेत, असं त्रिखंडेंना वाटलं. मग बाई घोरू लागल्या.

पुस्तक छातीवर उघडंच होतं. घड्याळात पावणेतीन झाले होते. त्रिखंडे थोडा वेळ थांबले, खाकरले, पण ते ऐकू जाणार कुणाला. शेवटी त्यांनी फुंकर मारली. पान उलटलं, बाईंच्या बोटाला लागलं आणि त्या दचकून जाग्या झाल्या. आता मिटतील म्हणून त्रिखंडे सरसावून उभे राहिले. बाईंनी चष्मा सारखा केला, मागे जाऊन एकशे बारावं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सहाव्या ओळीला पुन्हा झोपल्या.

असं चार वेळा झालं. सहावी ओळ ओलांडायला बाई तयार नव्हत्या. पाचव्या वेळी त्रिखंडेंनी पानाचा नाद सोडून पडद्यावर फुंकर मारली. पडदा हलला, त्याचं टोक औषधाच्या बाटलीला लागलं आणि बाटली फरशीवर पडून घरंगळत दुसऱ्या पलंगाखाली गेली.

बाईंची लेक धावत आली. घाबरून आईकडे बघितलं, तर आई झोपलेलीच. लेकीने हळूच खिडकी लावून घेतली. आता वाराही बंद. मग तिने आईच्या हातातलं पुस्तक काढायला बोटं लावली. त्रिखंडेंचा जीव टांगणीला लागला. पुस्तक जेमतेम हललं आणि आईची भुवई हलली. लेकीने हात मागे घेतला.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. ती दाराशी जाऊन कुजबुजली, “अरे दादा, हळू बोल. आई झोपली. हो, खरंच. बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा. अकरा आठवडे रे! डॉक्टरांच्या गोळीनेही डोळा लागत नव्हता. नाही, कसलं तरी जाडजूड पुस्तक आहे. तू आता येऊ नकोस, बेल वाजेल. मी जिन्यातच बसते, कुणाला वर येऊ देत नाही.”

ती गेली. पाठीमागे दार नुसतं लोटलेलं राहिलं.

त्रिखंडेंनी दुसऱ्या पलंगावरच्या उशीकडे बघितलं. मघापासून समोर असून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

चारला सात मिनिटं कमी असताना बाई कुशीवर वळल्या. पुस्तक सरकलं आणि पलंगाच्या कडेला तिरकं उभं राहिलं, अर्धवट मिटलेलं. एका फुंकरीचं काम होतं. फुंकर मारली की धप्पकन आवाज होऊन पुस्तक मिटलं असतं, बाई जाग्या झाल्या असत्या आणि त्रिखंडे खुर्चीत. एकोणीस वर्षं त्यांनी त्या खुर्चीची वाट बघितली होती. त्यांनी गालात हवा भरली.

बाईंचं तोंड किंचित उघडं होतं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्रिखंडेंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी हवा तशीच गिळली आणि घड्याळाकडे पाठ केली.

आता वेळ तर काढायचा होता. समोर वाचण्यासारखं एकच पान होतं. साठ वर्षांत आपणही हे वाचलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ते वाकले आणि वाचू लागले.

“आई, बरं वाटतंय?”

त्रिखंडे खडबडून जागे झाले. लेक चहा घेऊन उभी होती. घड्याळात साडेपाच वाजले होते.

“खूप दिवसांनी लागली गं,” नर्सबाई म्हणाल्या. “छान आहे हे पुस्तक. हा माणूस घाई करत नाही. तुझे बाबा असेच बोलायचे बघ. काही सांगायला घेतलं की मुद्द्यावर म्हणून यायचे नाहीत. ऐकता ऐकता मला झोप लागायची.”

लेक डोळे पुसत म्हणाली, “याचे अजून दोन भाग आहेत.”

“मग आण की दोन्ही.”

बाईंनी एकशे बाराव्या पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं.

वर हजेरीचा कारकून वही उघडून बसला होता. “खुर्ची गेली,” तो म्हणाला. “तीनदा पुकारलं. गैरहजेरीचं कारण?”

“झोप लागली.”

“वाचकाला?”

“वाचकालाही.”

कारकुनाने मान वर केली. “मेलेल्या माणसाला झोप लागत नाही, त्रिखंडे. वहीत तसा रकानाच नाही. काय करत होतात तुम्ही?”

“वाचत होतो.”

“कुणाचं?”

त्रिखंडेंनी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. “माझंच,” ते म्हणाले.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, “मला वर येऊन दोनशे वर्षं झाली. एकदाही डोळ्याला डोळा लागलेला नाही. ते पान पाठ आहे का तुम्हाला?”

पाठ होतं. सहाव्या ओळीला कारकुनाचं डोकं वहीवर टेकलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्रिखंडेंच्या दाराशी अभिजात दालन रिकामं होऊन ओळीत उभं होतं. सर्वांत पुढे रहस्यकथावाले होते, आदल्या दिवशी मिळालेली खुर्ची उचलून घेऊन. त्यांनी ती दाराशी ठेवली, बसले, पाय लांब केले आणि डोळे मिटून म्हणाले, “एकच विनंती. पुढे काय होतं ते आधीच सांगू नका.”

“नाही सांगणार,” त्रिखंडे म्हणाले. “तिथपर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.”