रेन्झोचा घसा

पहिले आठ दिवस आमच्या घरात अशी पक्की समजूत होती की वरच्या मजल्यावर राहायला आलेला इटालियन माणूस मुका आहे.

तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या गळ्यात लोकरीचा मफलर होता. दोह्यातला ऑगस्ट. खाली रस्त्यावर चपला डांबराला चिकटत होत्या, आणि हा मफलर गुंडाळून उभा. त्याने वैशालीपुढे एक चिठ्ठी धरली. इंग्रजीत लिहिलं होतं, 'मीठ?' वैशालीने वाटीभर मीठ दिलं. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि गेला. लिफ्टमध्ये भेटला तेव्हाही नुसता हसला. आमच्या मन्सूरा भागातल्या केरळी वाण्याकडे तो टोमॅटोचं चित्र काढून टोमॅटो घेतो, अशीही बातमी आली.

वैशाली हळहळली. "अहो, एवढ्या लांब एकटा माणूस, त्यात बोलता येत नाही. नोकरी तरी काय करत असेल?"

ते मला नवव्या दिवशी कळलं. मी तेव्हा दोह्याच्याच मुशैरिब भागात एका लहानशा स्टुडिओत साउंड रेकॉर्डिस्ट होतो. घड्याळांच्या दुकानावर दोन खोल्या, एवढाच तो स्टुडिओ. गॅस प्लांटवरच्या कामगारांसाठी आम्ही सुरक्षिततेच्या फिल्म करायचो. चित्र एकच, भाषा सहा. त्या दिवशी इटालियन आवाज द्यायला नवा माणूस येणार होता. दार उघडलं आणि तो मफलर आत आला. माइकसमोर बसला, थर्मासमधल्या गरम पाण्याचा घोट घेतला आणि अख्खी खोली भरून टाकणाऱ्या आवाजात म्हणाला, "अल्लोरा!"

मी औरंगाबादचा. मला वाटलं, हा लेणी बघून आलेला दिसतोय. 'अल्लोरा' म्हणजे 'तर मग' हे नंतर कळलं. त्याचं नाव रेन्झो, आणि त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुटायचं. रेकॉर्डिंगच्या आधी आठवडाभर मात्र तो तोंडातून शब्द काढत नसे. घसा हे त्याचं दुकान होतं, आणि दुकान उगीच उघडं टाकायचं नाही, हा त्याचा नियम.

त्याची कहाणी त्याने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. इंग्रजीत, आणि इंग्रजी संपलं की हातांनी. तरुणपणी तो गावाकडच्या एका लहान वाहिनीवर हवामान सांगायचा. मग मुलांचा दुपारचा कार्यक्रम मिळाला. टेबलामागे रेन्झो आणि त्याच्या हातात मोज्याचं केलेलं एक गाढव. दोघांचं बोलणं हाच बोलायचा. प्रेक्षकांची पत्रं गाढवाला जास्त यायची, याचं दुःख त्याला पन्नाशी उलटली तरी होतं. चाळिशीत केस गेले. "टीव्हीवाले म्हणाले, डोकं नको, आवाज राहू दे," तो सांगायचा. मग एका परदेशी पोलीस मालिकेतल्या इन्स्पेक्टरला त्याने इटालियन आवाज दिला. चौदा वर्षं. एक दिवस ती मालिका बंद पडली. "नटाला दुसरी मालिका मिळाली, दुसरा आवाज मिळाला. माझा इन्स्पेक्टर खलास!" ओळखीच्या कुणा कंत्राटदाराने त्याला दोह्याला आणलं.

आणि इथे त्याच्या वाट्याला आली ती शिडी. फिल्ममध्ये एक कामगार शिडीवरून उतरतो आणि आवाज सांगतो, 'कठडा दोन्ही हातांनी धरा.' एवढंच.

रेन्झोने कागद खाली ठेवला. "हा माणूस का उतरतोय?"

"जेवणाची सुट्टी झाली असेल," मी म्हटलं.

"घरी कोण आहे त्याच्या?"

सेफ्टी ऑफिसर पंजाबचे एक निवृत्त सुभेदार होते. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "भाईसाब, घर पर कोई नहीं है. यल्ला, चलो, बोल दो."

रेन्झोला ते मान्य नव्हतं. त्याने त्या माणसाला बायको दिली, दोन मुली दिल्या, गावाकडे एक म्हातारा कुत्रा दिला, आणि मगच वाक्य बोलला. मला इटालियन येत नाही, पण ते ऐकून मी समोरच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. सुभेदार कपाळावरचा हात काढून म्हणाले, "बाकी पाँच भाषा भी इसी से करवाओ."

फिल्म दाखवायला आम्ही प्लांटवर गेलो. अंधारात रेन्झोचा आवाज सुरू झाला आणि मागच्या रांगेतला एक आडदांड इटालियन फोरमन ताडकन उभा राहून ओरडला. रेन्झोने माझ्या कानात अर्थ सांगितला, "म्हणतोय, इन्स्पेक्टर!" दिवे लागल्यावर फोरमन इन्स्पेक्टरला शोधत पुढे आला. रेन्झो कसाबसा त्याच्या छातीपर्यंत येत होता. फोरमनने या टकल्याकडे वरून खाली, खालून वर पाहिलं आणि मग त्याला उचलूनच घेतलं. परतीच्या वाटेवर रेन्झो गाडीत काचेकडे तोंड करून बसला होता. नाक दोनदा पुसलं. म्हणाला, "एसी. घशाला वाईट."

तोवर तो आमच्या घरचा झाला होता. वैशाली त्याला आलं-हळदीचा काढा द्यायची आणि तो डोळे मिटून, नवस फेडल्यासारखा प्यायचा. आमची मुक्ता तेव्हा आठ वर्षांची. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. रेन्झोने एक दिवस माझा जुना मोजा हातात चढवला आणि जाहीर केलं की या गाढवाला फक्त मराठी कळतं. त्याला स्वतःला वैशालीने शिकवलेले दोनच शब्द येत होते, 'मग?' आणि 'हो का?' तेवढ्यावर गाढवाने मुक्ताला तासभर बोलतं ठेवलं. शाळा, मैत्रिणी, आईबाबांचं भांडण, सगळं तिने शुद्ध मराठीत सांगितलं. आम्ही स्वयंपाकघरात तोंडावर हात ठेवून ऐकत होतो.

फक्त शुक्रवारी सकाळी, सुट्टी असूनही, तो कुणाला भेटायचा नाही. एका शुक्रवारी त्याचं पार्सल आमच्याकडे आलं होतं, ते द्यायला मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. आतून एका म्हाताऱ्याचा घोगरा, धाप लागलेला आवाज येत होता. मला वाटलं, वडील आले असावेत. आत पाहिलं तर रेन्झो एकटाच. खुर्चीत वाकून, गुडघ्यावर हात टेकून, फोन कानाला लावून बसलेला. पाठसुद्धा त्याची नव्हती.

फोन ठेवल्यावर त्याने मला पाहिलं. लपवलं नाही.

"आई," तो म्हणाला. "नन्स चालवतात त्या वृद्धाश्रमात असते. वडील जाऊन सहा वर्षं झाली, पण तिला ते राहत नाही लक्षात. मागे एकदा सर्दीत फोन केला, आवाज बसला होता. ती म्हणाली, किती दिवसांनी फोन केलास रे, पिएत्रो! पिएत्रो माझे वडील. इतकी खूश झाली की मी 'मी नव्हे' म्हणूच शकलो नाही."

"आणि तुझी चौकशी?"

"करते ना. रेन्झो कसा आहे, विचारते. मी सांगतो, बरा आहे, टीव्हीवर असतो."

"मग तू स्वतः का नाही बोलत?"

त्याने मफलरची टोकं बोटाभोवती गुंडाळली. "आणि ओळखलं नाही तर? इन्स्पेक्टरला ओळखतात, गाढवाला ओळखतात. या आवाजाला ओळखणारी ती एकच आहे."

मी पार्सल टेबलावर ठेवून निघालो. पुढल्या शुक्रवारी मात्र तोच खाली आला. "माझ्याबरोबर बसशील का?"

मी त्याच्या पलंगावर बसलो. त्याने नंबर फिरवला. वडिलांच्या आवाजात थोडं बोलला, हसला. मग त्याच आवाजात काहीतरी सांगितलं, त्यातलं 'रेन्झो' एवढंच मला कळलं, आणि रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला. पाठ सरळ केली. गरम पाणी शेजारीच होतं, त्याला हात लावला नाही.

"मामा," तो म्हणाला. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात.

असा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. पातळ, साधा, थोडा फाटका. पलीकडे काहीच नाही. मग एक बारीक आवाज लांबून बोलू लागला आणि थांबेचना. रेन्झोने रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"विचारतेय, रेन्झो, जेवलास का?"

मग हात काढून तो तिला हळूच 'सी, मामा' म्हणाला. हो, जेवलो.

सकाळचे अकरा वाजले होते आणि त्याच्या ओट्यावर साधं भांडंही नव्हतं. मी आवाज न करता दार ओढून घेतलं, खाली आलो आणि वैशालीला म्हटलं, "भात जरा जास्त लाव."